जीबी, एमबी, एमबीपीएस: आकडा कुणी लिहिलाय ते आधी बघा

लक्ष्मीपुरीतनं ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणायचा, घरी लॅपटॉपला लावायचा, विंडोजनं ५९ पॉइंट काहीतरी दाखवलं की लगेच दुकानदाराला फोन, "मालक, चार जीबी कुठं गेलं?" कुठं गेलं नाही भावा, सगळं तिथंच हाय. फक्त पाकिटावर लिहिणारा एका हिशोबानं मोजतो आणि विंडोज दुसऱ्या. कोल्हापूर-पुणे अंतर किलोमीटरात सांगा नाहीतर मैलात, रस्ता तेवढाच.

कंपनीवाले १००० नं मोजतात. १००० बाइट म्हणजे १ केबी, १००० केबी म्हणजे १ एमबी, असंच पुढं जीबी, टीबी. विंडोज १०२४ नं मोजतं, पण नावं तीच वापरतं, सगळा घोळ तिथं हाय. १९९८ मध्ये १०२४ वाल्या हिशोबाला किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावं दिली गेली, पण दुकानात जाऊन ६० गिबिबाइटचा पेनड्राइव्ह मागून बघा, काय तोंड करतो तो. मॅकनं २००९ पासून सरळ १००० चा हिशोब धरलाय, त्यामुळं तीच हार्डडिस्क मॅकवर १ टीबी आणि विंडोजवर ९३१ जीबी दिसते.

आता कन्व्हर्ट कसं करायचं. पाकिटावरच्या जीबीला ०.९३१ नं गुणा, विंडोज काय दाखवणार ते येतं. ६४ चे ५९.६, ५०० चे ४६५ आणि थोडं. उलटं जायचं असेल तर १.०७४ नं गुणा. टीबीचं टीबीत करायचं तर ०.९०९, म्हणून २ टीबीची डिस्क १.८१ टीबी दिसते. युनिट जेवढं मोठं तेवढा फरक वाढत जातो, केबीला अडीच टक्क्याच्या आत आणि टीबीला जवळजवळ १० टक्के. फॉरमॅट करताना थोडी जागा जाते ती वेगळी, त्यामुळं पॉइंटमधला आकडा जुळला नाही म्हणून डोकं धरू नका. अगदी नक्की बघायचं असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथं जीबीच्या शेजारी पूर्ण बाइट लिहिलेले असतात, ६४,००,००,००,००० च्या आसपास काहीतरी. बाइटमध्ये कुणाचं भांडण नाही.

फॉर्म भरणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट, कारण सायबर कॅफेत शेवटच्या तारखेला हेच चाललेलं असतं. फोटो ५० केबीच्या आत पाहिजे म्हणतात, मोबाइलचा फोटो ३ एमबीचा, म्हणजे ३००० केबी, म्हणजे साठपट लहान करायला लागणार, नुसतं क्रॉप करून भागत नाही, रिसाइज करायला लागतो. आणि विंडोजमध्ये ४९ केबी दिसतंय म्हणून खूश होऊ नका, ४९ केबी म्हणजे तिथं ५०,१७६ बाइट, साइट १००० नं मोजत असेल तर हा फोटो परत येणार. ४८ केबीपर्यंत आणा, ४९,१५२ बाइट होतात, दोन्ही हिशोबात बसतंय.

खरी गंमत बिट आणि बाइटची. ८ बिट म्हणजे १ बाइट, एवढंच लक्षात ठेवायचं. नेटवाला १०० एमबीपीएस म्हणतो ते सेकंदाला मेगाबिट, डाउनलोडच्या खिडकीत दिसतं ते बहुतेक वेळा सेकंदाला मेगाबाइट. १०० भागिले ८, साडेबारा. त्यामुळं १०० चा प्लॅन घेऊन १२ च्या आसपास स्पीड दिसत असेल तर नेटवाल्याशी भांडायला जाऊ नका, ४ दिसत असेल तर जरूर जावा.

शूटिंगवाल्यांना हे लई उपयोगी पडतं. समजा शाहू स्टेडियमवरची मॅच फोर-केमध्ये घ्यायचीय, कॅमेऱ्याच्या मेनूत १०० एमबीपीएस लावलंय. सेकंदाला साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ चं कार्ड ८५ मिनिटं चालणार. वॉर्मअप, मॅच, हाफटाइम धरून कॅमेरा दोन तास चालू ठेवला तर ९० जीबी, म्हणजे १२८ चं कार्डच पाहिजे, नाहीतर शेवटच्या मिनिटाला गोल पडतोय आणि हिकडं कार्ड फुल्ल. गणपतीच्या मिरवणुकीला तर महाद्वार रोडवर रात्रभर उभं राहायचं असतंय, तिथं ५० एमबीपीएसवर आणा, कार्ड दुप्पट वेळ पुरतंय.

हेच फुटेज नेटवर चढवायला किती वेळ? इथं कन्व्हर्ट करायचीपण गरज नाही. फुटेज १०० एमबीपीएसचं, अपलोड स्पीड ५० एमबीपीएस, म्हणजे एक तासाच्या फुटेजला दोन तास, वरनं थोडे जास्त धरा. दोन्ही आकडे बिटमध्येच हायत, कशाला आठनं भागत बसायचं. पेनड्राइव्हचा स्पीड मात्र बाइटमध्ये असतो, २० एमबीनं लिहिणारा ड्राइव्ह असेल तर ४५ जीबीला साधारण ३८ मिनिटं. आणि ड्राइव्ह फॅट३२ मध्ये (फाइली साठवायची जुनी पद्धत, फॉरमॅट करताना निवडतात ती) असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यात जातच नाही, जागा कितीही मोकळी असू दे. तेव्हा एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या, आधी आतला डेटा बाजूला काढून.

राहिला स्वस्तातला २ टीबीचा पेनड्राइव्ह. तो विंडोजमध्ये १.८१ टीबी बरोब्बर दाखवतो, कारण आतल्या चिपलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतंय, त्यामुळं वरचं गणित जुळलं म्हणजे माल खरा असं नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं टूल हाय, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. मोठ्या ड्राइव्हला लई तास लागतात, रात्री लावून झोपा, पण पाहुण्यांच्या लग्नाचं शूटिंग त्यात टाकायच्या आधी एवढं करा.