हट्ट आणि सवयी मोडताना या चुका टाळा

नको असलेले वागणे ज्या मोबदल्यावर पोसलेले असते, तो मोबदला थांबला की ते हळूहळू ओसरते. मानसशास्त्रात याला विलोपन म्हणतात. आमच्या सोलापुरातल्या घरी चार वर्षांचा पुतण्या मोबाईल समोर ठेवल्याशिवाय घास घेत नसे, म्हणून आम्ही मोबाईल बंद केला. तिसऱ्या दिवशी त्याने ताट भिरकावले, शेंगाचटणी फरशीभर झाली आणि आजीने "लेकराला उपाशी ठेवता व्हय?" म्हणत मोबाईल त्याच्या हाती दिला. मोबदला थांबल्यावर हट्ट अनेकदा आधी वाढतो आणि मग उतरतो, हे ठाऊक नसल्याने बरीच घरे नेमकी या टोकाला हार मानतात, ही पहिली चूक; रडून भागत नाही, ताट फेकावे लागते, एवढेच त्या दिवशी तो शिकला.

दुसरी चूक कधी होकार, कधी नकार देण्याची. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत "आजच्या दिवस असू दे" म्हणून पुरवलेला हट्ट पुढे बरेच दिवस पुरतो, कारण अधूनमधून फळ मिळणारे वागणे रोज फळ मिळणाऱ्या वागण्यापेक्षा अधिक चिवट असते. म्हणून नियम आजीसह सर्वांनी आधी बसून ठरवावा. आमच्याकडे ते सर्वांत अवघड गेले.

ओसरलेली सवय पुसली गेली असे समजणे ही तिसरी चूक. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांत अन्नाआधी ठरावीक संकेत मिळत गेल्याने कुत्र्यांना त्या संकेतानेच लाळ सुटू लागली होती; पुढे अन्न न देता नुसता संकेत देत राहिल्यावर कुत्र्यांची लाळ आटली, पण मध्ये काही काळ गेल्यावर त्याच संकेताने ती पुन्हा सुटली. गावी महिनाभर तंबाखूला न शिवलेला यंत्रमाग कामगार अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात परततो, चहाच्या सुट्टीत शेजारचा पुडी मळू लागतो आणि तलफ उसळते. सवय सुटली ती गावी, कारखान्यात नव्हे. म्हणून त्याच सुट्टीत, त्याच जागी बडीशेप किंवा फुटाणे तोंडात टाकायची सवय लावावी. त्यासाठी सवय एकवीस दिवसांत लागते हा प्रचलित हिशेब धरू नये, कारण लंडनमधील संशोधकांच्या 2010 च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्याचा काळ व्यक्तीगणिक 18 ते 254 दिवस इतका वेगळा आढळला.

मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर दुर्लक्ष करून मोबदला थांबवण्याचा उपाय घरच्या घरी करू नये. रोजची भरपूर दारूही एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.