ब्लॉगला थीम आणि प्लगइन लावताना या चुका टाळा

‘थीम बदलली आणि सगळं गेलं’, ‘प्लगइन टाकलं आणि साइट उघडेना’, ‘केलेला बदल दिसतच नाही’. ब्लॉग सजवायला बसलेल्या नवख्यांची रडगाणी थोड्याफार फरकाने हीच असतात, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: काय कुठे साठवलं जातं हे माहीत नसतं. वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेख, पानं, प्रतिक्रिया आणि सेटिंग्ज डेटाबेसमध्ये राहतात. फोटो ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरात जातात. दिसण्याचं काम थीमकडे, बाकीची कामं प्लगइनकडे. थीम बदलल्याने लेख उडत नाहीत. उडतं ते थीमच्या पोटात ठेवलेलं. एवढं डोक्यात पक्कं असलं, तर खाली सांगितलेल्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

आधी एक खुलासा. हे सगळं स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, टाकलेल्या वर्डप्रेसबद्दल आहे. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत बाहेरची प्लगइन टाकता येत नाहीत आणि गूगलच्या ब्लॉगरवर थीम व गॅजेट असतात, प्लगइन हा प्रकारच नाही. ‘माझ्याकडे प्लगइनचा मेनूच दिसत नाही’ म्हणून हैराण झालेले बहुतेक जण या दोनांपैकी एका ठिकाणी असतात.

डेमो इंग्रजीत, लेख मराठीत

थीमच्या डेमोत सगळं छान दिसतं, कारण तिथले फोटो व्यावसायिक असतात आणि मजकूर रोमन लिपीत असतो. तीच थीम मराठी लेखाला लावली की वेगळंच काही समोर येतं. म्हणून थीम पसंत करण्याआधी ‘लाइव्ह प्रिव्ह्यू’मध्ये आपला एक लांब मराठी लेख उघडून बघा. जोडाक्षरं, रफार, उकार, दोन ओळींचं शीर्षक, सगळं असलेला.

पहिली तक्रार फॉन्टची. लाटो, मोन्टसेरात, ओपन सान्स हे थीमवाल्यांचे आवडते फॉन्ट, पण त्यांत देवनागरी नाही. मग ब्राउझर वाचकाच्या यंत्रात जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो वापरतो. विंडोजवर एक, अँड्रॉइडवर दुसरा, आयफोनवर तिसरा. तुमच्या लॅपटॉपवर नीट दिसलं म्हणून सगळीकडे तसंच दिसेल असं नाही. मुक्त, हिंद, नोटो सान्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. यांपैकी एक मजकुरासाठी ठरवून टाका. ब्लॉक थीम (जिचे सगळे भाग वर्डप्रेसच्या ‘एडिटर’मध्येच बदलता येतात ती नव्या पद्धतीची थीम) असेल तर वर्डप्रेस ६.५ पासून आलेल्या फॉन्ट लायब्ररीतून फॉन्ट थेट बसवता येतो, वेगळं प्लगइन लागत नाही.

दुसरी गोष्ट, अक्षरांमधलं अंतर. अनेक थीम शीर्षकांना ‘लेटर-स्पेसिंग’ देतात. रोमन अक्षरं त्याने ऐटबाज दिसतात, देवनागरीची मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. शीर्षकाची रेघ तुटलेली दिसली की फॉन्टला दोष देण्याआधी हे अंतर शून्य करून बघा. ओळींमधलं अंतरही असंच. इंग्रजीसाठी ठेवलेल्या १.२ किंवा १.३ पटीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. माझ्या मते मजकुराला १.७च्या आसपास हवं.

सेटिंग्जमध्ये साइटची भाषा ‘मराठी’ करायचीही राहून जाते. लोकांना वाटतं त्याने फक्त मेनू मराठीत येतात. पण पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण त्यावरूनच लागते, आणि ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात ते ही खूण बघून योग्य रूप दाखवतात. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल तर आपल्या प्रोफाइलमध्ये तेवढी भाषा वेगळी ठेवता येते.

आता थोडी गमतीची बाब. लेखाच्या वर ‘वाचायला ० मिनिटं’ असं दिसतं का? वाचनवेळ दाखवणारी काही प्लगइन शब्द मोजायला पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं) जे जुनं फंक्शन वापरतात त्याला देवनागरी शब्द शब्द वाटतच नाहीत. तसंच मुखपृष्ठावरच्या सारांशाच्या शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसलं, तर थीम मजकूर अक्षरांऐवजी बाइट मोजून कापते आहे आणि एखादं अक्षर मधोमध कापलं गेलं आहे. यात तुमची चूक काही नाही आणि सेटिंग बदलून ते जाणारही नाही. सारांश हाताने लिहा किंवा थीम बदला.

लेखाच्या पत्त्याचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवायला हवं. पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, वर्डप्रेस २०० अक्षरांपर्यंतच ठेवतं. देवनागरीतलं एक चिन्ह साठवताना तीन बाइट घेतं आणि पत्त्यात उतरताना त्याची नऊ रोमन अक्षरं होतात. हिशोब केला तर जेमतेम २२ चिन्हं बसतात, तीही काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे धरून. ‘कोकणातल्या पावसाळ्यातील रानभाज्या’ असं शीर्षक दिलंत तर ‘पावसाळ्यातील’पाशी जागा संपते आणि रानभाज्या पत्त्यातून गायब. पुढे ‘कोकणातल्या पावसाळ्यातील सहली’ लिहिलंत की जवळपास तोच पत्ता, मागे २ लावून. शिवाय व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवला की अनेकदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळच दिसते. यावर दोनच वाटा: स्लग रोमन लिपीत छोटा लिहायचा, किंवा मराठीत दोन-तीन शब्दांत आटपायचा. एका लेखाचा स्लग नंतर बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपणहून नेतं. पण पर्मालिंकची, म्हणजे सगळ्याच लेखांच्या पत्त्यांची, रचनाच मध्येच बदललीत तर आधी वाटलेले दुवे तुटू शकतात.

थीमच्या फाइलीत हात घालणं

यूट्यूबवर कुणीतरी सांगतं, ‘थीम फाइल एडिटर उघडा, हा कोड पेस्ट करा’. करून बघितलं, जमलं, आनंद झाला. महिन्याभराने थीमचा अपडेट येतो आणि बदल पुसला जातो, कारण अपडेट म्हणजे थीमचं जुनं फोल्डर काढून तिथे नवं ठेवणं.

रंग किंवा आकार बदलायचा असेल तर ‘ॲडिशनल सीएसएस’ (दिसणं ठरवणारा कोड लिहायची चौकट) पुरतं. ते डेटाबेसमध्ये राहतं, अपडेटने जात नाही. फक्त ते त्या थीमच्या नावावर साठवलेलं असतं, म्हणून दुसरी थीम लावली की ते सीएसएस दिसेनासं होतं. जुनी थीम परत लावली की परत येतं. थीमच्या पीएचपी फाइली बदलायच्याच असतील तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली पण आपले बदल वेगळे ठेवणारी थीम, करा. आणि अॅनालिटिक्सचा कोड, जाहिरातींचा कोड असल्या गोष्टी थीममध्ये टाकूच नका, त्यांचा दिसण्याशी काय संबंध? कोडचे तुकडे सांभाळणारी प्लगइन मिळतात, त्यांत ठेवा. नाहीतर थीम बदलल्यावर वाचकसंख्या एका रात्रीत शून्यावर येते आणि माणूस गूगलला शिव्या देत बसतो.

‘व्हिडिओत दाखवलेला कस्टमाइझ मेनू माझ्याकडे नाही’ हा प्रश्न २०२२ नंतर फार वाढला. त्या वर्षी जानेवारीत वर्डप्रेस ५.९ आलं आणि त्यासोबत ट्वेन्टी ट्वेन्टी-टू ही वर्डप्रेससोबत मिळणारी पहिली ब्लॉक थीम. ब्लॉक थीममध्ये त्या मेनूच्या जागी ‘एडिटर’ येतो आणि हेडर, फूटर, मेनू सगळं तिथेच बदलतं. तुमचं काही चुकलेलं नाही, व्हिडिओ जुना आहे. मार्गदर्शन शोधताना आपली थीम क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीची, आहे की ब्लॉक, एवढं आधी बघून घ्या.

फुकटात मिळालेली पैशांची थीम

टेलिग्रामवर किंवा कुठल्याशा साइटवर पाच हजारांची थीम फुकट मिळते. वर्डप्रेसची थीम जीपीएल या मुक्त परवान्याखाली असेल तर तिची प्रत वाटणं बेकायदा नसतं, असा युक्तिवाद केला जातो आणि तो पूर्ण खोटाही नाही. प्रश्न परवान्याचा नाहीच. मधल्या माणसाने त्या झिपमध्ये काय घातलं आहे हे तुम्हाला तपासता येत नाही आणि पुढचे अपडेट मिळत नाहीत. ब्लॉग उघडल्यावर वाचकाला जुगाराच्या साइटवर नेलं जातं, तेव्हा शंका आधी असल्या झिपवर घ्या. पैसे नसतील तर अधिकृत डिरेक्टरीतली साधी थीम घ्या. ती डेमोइतकी झगमगीत नसेल, चालेल.

विकत घेतली म्हणून निर्धास्त राहायचं, असंही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सोकसोक’ नावाच्या हल्ल्यात हजारो वर्डप्रेस साइट बाधित झाल्या. वाट होती स्लायडर रेव्होल्यूशन या प्लगइनमधली जुनी त्रुटी. ती दुरुस्त झालेली होती, पण हे प्लगइन अनेक थीमसोबत जोडून दिलेलं असायचं आणि त्याचा अपडेट थीमवाल्याने दिला तरच मिळायचा. कित्येक मालकांना आपल्या साइटवर ते आहे हेच ठाऊक नव्हतं. थीमसोबत कोणकोणती प्लगइन आली, त्यांचे अपडेट कुठून येणार, हे विकत घेतानाच विचारा.

डिरेक्टरीतलं प्लगइन घेतानाही ‘लास्ट अपडेटेड’ची तारीख बघा. वर्डप्रेसच्या ताज्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर चाचणी नसेल तर वर पिवळी सूचना येते, ती वाचा. प्लगइनचे मालकही बदलतात: सुमारे दोन लाख साइटवर चालणारं ‘डिस्प्ले विजेट्स’ विकलं गेलं आणि २०१७ मध्ये नव्या मालकाने त्यात स्पॅम टाकणारा कोड घातल्याचं उघड झालं. म्हणून न वापरलेलं प्लगइन नुसतं बंद करून ठेवू नका, काढून टाका. थीमचंही तेच. फक्त वर्डप्रेससोबत येणाऱ्या ट्वेन्टी मालिकेतली एक थीम राहू द्या, ती लागेल.

‘किती प्लगइन चालतील?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. चांगली लिहिलेली वीस निमूट चालतात, एक वाईट साइट आडवी करतं. खरा त्रास एकाच कामाला दोन ठेवल्याने होतो. दोन कॅशिंग (पानांची तयार प्रत साठवून साइट वेगवान करणारी) प्लगइन एकमेकांच्या फाइलींत घोळ घालतात, दोन एसइओ (गूगलमध्ये लेख वर आणण्यासाठीची) प्लगइन एकाच पानावर दोनदा वर्णन छापतात. साइटमॅपसाठी (शोधयंत्रांना द्यायच्या पानांच्या यादीसाठी) तर वेगळं काही लागतही नाही, वर्डप्रेस ५.५ पासून तो आपोआप तयार होतो.

पेज बिल्डरबद्दल, म्हणजे तुकडे ओढून पान रचायच्या प्लगइनबद्दल, माझं मत कडक आहे. साध्या लेखांच्या ब्लॉगला तो नको. काही बिल्डर मजकूर शॉर्टकोडमध्ये, म्हणजे चौकटी कंसांतल्या खुणांत, गुंडाळून साठवतात. पुढे ते प्लगइन बंद केलंत की प्रत्येक लेखात चौकटी कंसांचा पाऊस पडतो आणि दोनशे लेख हाताने साफ करावे लागतात. आकर्षक मुखपृष्ठ हवंच असेल तर बिल्डर त्या एका पानापुरता वापरा.

साइट बिघडली, आता काय?

आधी बॅकअप. थीम-प्लगइनला हात लावण्यापूर्वी डेटाबेस आणि फाइली दोन्हींचा घ्या आणि तो त्याच होस्टिंगवर ठेवू नका. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन तो थेट गूगल ड्राइव्हवर पाठवतं. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. एका दमात पाच प्लगइन अपडेट केलीत आणि साइट पडली, तर पाचांपैकी चोर कोण हे शोधत बसावं लागतं.

बदल दिसत नसेल तर तो बहुधा झालेला असतो, पण जुनी प्रत दिसत असते. कॅशिंग प्लगइनची, होस्टिंगची आणि ब्राउझरची कॅश या क्रमाने रिकामी करा, मग खासगी विंडोत उघडा.

थीमची झिप चढवताना ‘स्टाइलशीट सापडत नाही’ असा संदेश आला, तर बहुधा तुम्ही विक्रेत्याने दिलेलं सगळं गाठोडंच चढवताय. त्यात माहितीपुस्तिका, परवाना आणि आत आणखी एक झिप असते. थीम त्या आतल्या झिपमध्ये. दुवा कालबाह्य झाल्याचा संदेश आला, तर अनेकदा फाइल होस्टिंगच्या अपलोड मर्यादेपेक्षा मोठी असते. ती मर्यादा होस्टिंगवाल्यांकडून वाढवून घ्या.

अपडेट चालू असताना नेट गेलं आणि साइट ‘देखभालीसाठी बंद’वर अडकली? वर्डप्रेस त्या वेळी मुख्य फोल्डरात ‘.मेंटेनन्स’ नावाची छोटी फाइल ठेवतं. दहा मिनिटांनंतर ते तिच्याकडे दुर्लक्ष करतं. घाई असेल तर फाइल मॅनेजरमधून ती पुसून टाका. नाव टिंबाने सुरू होत असल्याने ती लपलेली असते, लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागेल.

‘क्रिटिकल एरर’ आली तर आधी ईमेल बघा, स्पॅमसकट. वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी अॅडमिनच्या पत्त्यावर रिकव्हरी मोडचा दुवा येतो आणि कोणत्या प्लगइनमुळे किंवा थीममुळे गडबड झाली तेही त्यात असतं. दुवा उघडून लॉगिन केलं की दोषी प्लगइन बाजूला ठेवता येतं. अॅडमिनचा ईमेल जुना, बंद पडलेला असेल तर ही सोय मिळत नाही, म्हणून तो आजच तपासा. ईमेल नाहीच आली, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून ‘डब्ल्यूपी-कन्टेन्ट’च्या आतल्या ‘प्लगइन्स’ फोल्डरचं नाव बदला आणि डॅशबोर्डमधलं प्लगइनचं पान एकदा उघडा. सगळी प्लगइन बंद पडतात. मग नाव पूर्ववत करा आणि एकेक चालू करत जा. ज्यानंतर साइट पडेल ते काढा. सगळी बंद असूनही एरर तशीच असेल, तर चालू थीमच्या फोल्डरचं नाव बदला. जपून ठेवलेली ट्वेन्टी थीम इथे कामाला येते.

साइट उघडते, पण एखादी गोष्ट चालत नाही, अशा वेळी ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ हे प्लगइन बरं. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये सगळी प्लगइन फक्त तुमच्यापुरती बंद होतात, वाचकांना साइट नेहमीसारखीच दिसते.

इतकं करूनही जमलं नाही आणि होस्टिंगवाल्यांना किंवा थीमच्या मदतकेंद्राला लिहायचं ठरलं, तर ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहू नका. ‘टूल्स’मधल्या ‘साइट हेल्थ’च्या ‘इन्फो’ पानावर सगळी माहिती कॉपी करण्याचं बटण आहे. त्यात पीएचपीची आवृत्ती, थीम, प्लगइन सगळं येतं. ते, एररचा पूर्ण मजकूर आणि शेवटी काय बदललं होतं ते एका ईमेलमध्ये पाठवा. पासवर्ड मात्र ईमेलमध्ये लिहू नका. कुणाला आत येऊन बघायचंच असेल तर वेगळं तात्पुरतं खातं काढून द्या आणि काम झालं की पुसून टाका.