शाश्वत विकास शिकवताय? निदान या चुका तरी टाळा

जून उजाडला की फोन सुरू होतात. "सर, शाश्वत विकासावर तासाभराचं काही तयार आहे का? पहिली ते दहावी सगळ्यांना चालेल असं." नाही. पहिलीच्या पोराला आणि दहावीच्या पोरीला एक चप्पल बसत नाही, आणि यांना एकच पीपीटी बसवायचीय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लहानांना घाबरवणं. ही मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुष्काळी पट्ट्यातली शाळा, तिसरीचा वर्ग. भेगाळलेली जमीन, हाडं निघालेली जनावरं, टँकरपुढची हंड्यांची रांग असे फोटो दाखवले आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "असंच चाललं तर पाणी संपणार!" वर्ग चिडीचूप. मी मनात खूश. चार दिवसांनी एका मुलीची आई दारात. "गुरुजी, पोरगी शाळेत पाणीच पीत नाही. भरलेली बाटली तशीच घरी आणते. विचारलं तर म्हणते, बाळासाठी ठेवलंय." बाळ म्हणजे तिचा दीड वर्षाचा भाऊ. 1987 साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली ती अशी, की पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या. पोरीने पुढची पिढी बरोबर सांभाळली होती. आजची गरज माझ्या तासात आलीच नव्हती.

तेव्हापासून चौथीपर्यंत 'संपणार' हा शब्द मी तोंडातून काढत नाही. त्याच मुलीची बाटली शाळेच्या गळक्या नळाखाली धरली. लिटरची बाटली भरायला 20 मिनिटं. म्हणजे तासाला 3 लिटर, दिवसाला 72. हिशोब पोरांनीच फळ्यावर केला. दुसऱ्या दिवशी नळाचा वायसर बदलला, तो त्यांच्यासमोरच. ती बाटली रिकामी करून घरी जायला लागली, तेव्हा कुठे मला झोप लागली.

पहिली-दुसरीला तर 'शाश्वत विकास' हा शब्दच नको. केळीचं साल आणि वेफर्सची पिशवी एकाच खड्ड्यात पुरा, दोन महिन्यांनी उकरा. पुढचं पोरं तुम्हाला सांगतील.

सातवी-आठवीला मोजायला लावा. 6 बाय 8 मीटरचं पत्र्याचं छप्पर, 500 मिलिमीटर पाऊस, म्हणजे 24,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला धरा, तरी माणशी रोज 55 लिटरने पाच जणांच्या घराला जवळजवळ 70 दिवस पुरतं. गणिताच्या सरांशी भांडण असेल तर आधी मिटवा.

दुसरी चूक याच्या उलट, मोठ्यांना बाळबोध शिकवणं. नववीला मी हिवरे बाजार या गावाबद्दल सांगत होतो. तिथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, माणसांना-जनावरांना किती लागणार, उरेल त्यात कुठलं पीक. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. इथपर्यंत ठीक होतं. मग मला प्रवचनाची हुक्की आली. "ऊस म्हणजे पाण्याची लूट," म्हणालो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उसाला एफआरपी असते, सरकारने ठरवलेला किमान भाव. आम्ही कांदा रस्त्यावर ओतला तेव्हा कुणी इचारलं नाही." त्याच्या घरी दोन एकर ऊस होता, आणि त्यावरच बहिणीची फी भरली जात होती. मला उत्तर सुचलं नाही.

आता मी वर्गातच ग्रामसभा भरवतो. उसवाल्याच्या पोराला टँकरवर हंडा भरणाऱ्या बाईच्या बाजूने बोलायला लावतो, आणि कोरडवाहूवाल्याला उसाच्या बाजूने. निकाल देत नाही. घंटा झाल्यावरही भांडत बाहेर पडतात, पडू द्या. उत्तर अर्धवट राहिलेलं नववीच्या पोरांना चालतं, चालत नाही ते आपल्याला, कारण आपल्याला दैनंदिनीत 'घटक पूर्ण' लिहायचं असतं.

बाकीच्या चुका झटपट. 'टाकाऊतून टिकाऊ'साठी आया दुकानातून नव्या स्ट्रॉ विकत आणतात. तो प्रकल्प बंद करा. 5 जूनला, पर्यावरण दिनी, शाळेला सुट्टी असते, जमिनीत ओल नसते, तरी फोटोसाठी रोप लागतं. पाऊस लागल्यावर लावा, आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार त्याचं नाव खड्डा खणायच्या आधी वहीत लिहा. नाव सापडलं नाही तर खड्डा खणू नका.

आणि ती संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं. 2015 मध्ये 193 देशांनी मान्य केली, 2030 पर्यंत गाठायचीत, सगळं खरं. पण पाठ कशाला करून घेता? एका शाळेत भिंतीवर सहावं उद्दिष्ट, 'शुद्ध पाणी आणि स्वच्छता', झकास निळ्या रंगात रंगवलेलं पाहिलं. त्याच भिंतीमागे मुलींचं स्वच्छतागृह होतं. दाराला आतून कडी नव्हती, एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. मी मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "रंगाला अनुदान आलं होतं."