आरव्ही भाड्याने घेताय? मग निदान या चुका टाळा

कोणी आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायचं ठरवलं की मला पहिला प्रश्न येतो तो एकच, "एवढी मोठी गाडी चालवता येईल ना?" येते हो. हळू चालवा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, दुसऱ्या दिवशी हात बसतो. खरी गोची होते गाडी उभी केल्यावर, कारण तुम्ही चाकांवरचं अख्खं घर घेतलेलं असतं आणि त्या घराचं पाणी, वीज, गॅस, संडास सगळं आता तुम्हीच बघायचं असतं. ते शिकायला मिळतो फक्त एक तास, गाडी ताब्यात घेतानाचा, आणि नेमका तोच लोक "हो हो, कळलं" म्हणत उरकतात, कारण कधी एकदा निघतोय असं झालेलं असतं. दाखवणारा माणूसही भराभर दाखवतो, त्याला त्याच दिवशी अजून गाड्या द्यायच्या असतात.

माझी सवय सांगतो. तो बोलत असताना मी मोबाईलवर सलग व्हिडिओ काढतो आणि प्रत्येक गोष्ट त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा चालू-बंद करून बघतो. पंप, गिझर, हीटर, फ्रिज, गॅसची शेगडी, सगळं. तो वैतागला तरी चालेल. ब्रेकर कुठे, फ्यूज कुठे, गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे हे विचारून घ्या. गिझरमध्ये पाणी नसताना त्याचा विजेचा स्विच टाकला तर कॉइल काही मिनिटांत जळते, आणि रात्री हात धुवायला गरम पाणी हवं म्हणून घाईत हे करणारे मी पाहिलेत.

आता ज्या चुकीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणं.

आरव्हीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक बेसिन-आंघोळीच्या सांडपाण्याची म्हणजे ग्रे टँक, आणि एक संडासाची, ती ब्लॅक टँक. ज्या जागेवर थेट ड्रेनेजचं कनेक्शन मिळतं तिथे नवीन माणसाला वाटतं की पाईप जोडलाच आहे तर व्हॉल्व्ह उघडाच ठेवू, आपोआप जात राहील. आमच्या पहिल्या ट्रिपला माझा मेहुणा हेच म्हणाला, "भावोजी, उघडाच ठेवा ना, रोज रोज कोण बघत बसणार", आणि मलाही ते पटलं. पाच रात्रींचा मुक्काम होता, माणसं सहा. चौथ्या दिवशी सकाळी फ्लश केल्यावर पाणी खाली जाईना. पॅनेलवर टाकी दोन तृतीयांश भरलेली दाखवतेय, व्हॉल्व्ह उघडा, आणि पाईपमधून थेंब येत नाही.

होतं असं की उघड्या व्हॉल्व्हमधून पातळ सगळं निघून जातं आणि घट्ट ते टाकीतच राहतं, सीटच्या बरोबर खाली, थरावर थर, कागदासकट. त्याचा डोंगर तयार होतो आणि सुकतो. मग तो वरून काठी घालून निघत नाही आणि खालून तर नाहीच. शेजारच्या गाडीतल्या आजी बराच वेळ आमची धावपळ बघत होत्या, त्या येऊन म्हणाल्या, आधी व्हॉल्व्ह बंद करा. मग टाकी पाण्याने जवळजवळ भरली, सगळं आवरून गाडी थोडी फिरवून आणली म्हणजे आत पाणी हिंदकळेल, रात्रभर तशीच ठेवली, सकाळी सोडली. अर्धंच निघालं. पुन्हा भरली, पुन्हा फिरवली, पुन्हा सोडली. तिसऱ्या वेळेला मोकळी झाली. ज्या दिवशी मुलांना तळ्यावर न्यायचं होतं तो पूर्ण दिवस यात गेला आणि धाकटीने संध्याकाळी "मग आपण तळं बघायचंच नाही का" असं विचारलं ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद, टाकी निदान दोन तृतीयांश भरली की मगच सोडायची, म्हणजे पाण्याच्या जोराने सगळं एकदम वाहून जातं. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, कारण साबणाच्या पाण्याने पाईप धुऊन निघतो. रिकामी झाली की व्हॉल्व्ह लावून लगेच आठ-दहा लिटर पाणी आत टाकायचं, कोरड्या टाकीवर पहिला फ्लश करायचाच नाही. कागद तोच जो पाण्यात चटकन विरघळतो, ओले वाइप्स तर अजिबात नकोत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. पाण्याची काटकसर करायची तर आंघोळीत करा, फ्लशमध्ये करू नका. हातमोजे वेगळे, त्या कामाचा पाईप वेगळा, पिण्याच्या पाण्याचा पाईप तिकडे फिरकताही कामा नये. आणि पॅनेलवरच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका, सेन्सरला कागद चिकटला की रिकामी टाकीसुद्धा भरलेली दाखवते. टाकीत टाकायच्या गोळ्या आणि केमिकलं वासापुरती ठीक आहेत, पण ती टाकली म्हणजे पाणी कमी चालेल हा जो शॉर्टकट लोक सांगतात त्याने कामच बिघडतं.

दुसरी चूक, गाडीची उंची माहीत नसणं. कार चालवणाऱ्या माणसाला डोक्यावर बघायची सवयच नसते. छोटी मोटरहोमसुद्धा तीन मीटरच्या आसपास असते, मोठी साडेतीनच्या पुढे जाते, आणि छतावर एसीचं खोकं असतं ते वेगळं. पेट्रोल पंपाचं छत, हॉटेलचा पोर्च, पार्किंगच्या तोंडाची आडवी दांडी, झाडाची खाली आलेली फांदी, जुना रेल्वेचा पूल, यातलं काहीही पुरतं. मोबाईलचा नेहमीचा नकाशा कारसाठीचा रस्ता दाखवतो, त्याला तुमची उंची माहीत नसते. एकदा एका कॅम्पग्राउंडच्या कमानीखाली माझ्या पुढची गाडी अडकलेली मी बघितली, नवराबायको दोघं खाली उतरून वर बघत उभे, छताची कड सोललेली, एसीचं कव्हर फुटून रस्त्यावर. आणि भाड्याच्या गाडीचा विमा घेताना कोणी वाचत नाही ती ओळ अशी असते की छताचं आणि खालच्या बाजूचं नुकसान त्यात धरत नाहीत. सगळ्याच करारात नसते पण बऱ्याच करारात असते, म्हणून सही करायच्या आधी तेवढं तरी वाचाच. मी उंची एका पट्टीवर मोठ्या आकड्यात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवतो, वर २० सेंटीमीटर जास्तच लिहितो. वळताना मागचा भाग उलट्या बाजूला बाहेर फिरतो हेही लक्षात ठेवा, पंपावरचे खांब त्यानेच घासले जातात. रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उभा पाहिजे आणि तो आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला की थांबायचं.

विजेचं थोडक्यात. ३० अँपिअर आणि १२० व्होल्टचं कनेक्शन असेल तर ३६०० वॅट मिळतात, त्यात एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली की ब्रेकर पडणारच. "गाडीत लाइटच नाही" असे जे फोन येतात त्यातले बरेच एवढ्याचेच असतात. बाहेरचं कनेक्शन नसेल तर इन्व्हर्टर किंवा जनरेटरशिवाय भिंतीतले प्लग चालत नाहीत, फक्त १२ व्होल्टचे दिवे, पंप आणि हीटरचा पंखा चालतो, आणि तो पंखा रात्रभरात बॅटरी खातो. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नका, १२.१ व्होल्टच्या आसपास आली की आवरतं घ्या.

गाडी लेव्हलमध्ये लावा. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये अमोनियाचं मिश्रण उताराने फिरत असतं, उभी गाडी फार कलती राहिली की ते एका जागी साचतं, कूलिंग युनिट तापतं आणि कायमचं बिघडू शकतं. कॉम्प्रेसरच्या फ्रिजला हे लागू नाही. मी पाच मिनिटं घालवतो, स्पिरिट लेव्हल ठेवतो, चाकाखाली ठोकळे सरकवतो, बाकीचे तोवर खुर्च्या मांडून बसलेले असतात.

ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत, उघडी ठेवून फिरायला किंवा झोपायला जाऊ नका. वाऱ्याचा एक झोत पुरतो.

गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करू नका, कितीही थंडी असली तरी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळतसुद्धा नाही. पहिल्या रात्री झोपायच्या आधी गाडीतल्या त्या वायूच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय का बघा, नाही वाजला तर त्या गाडीत झोपू नका. याबाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

पाण्याची टाकी काठोकाठ भरून लांब जाऊ नका, १०० लिटर म्हणजे १०० किलो. पोचल्यावर भरा.

अंधार पडल्यावर नवीन जागी पोचू नका. ही चूक बहुतेक सगळे करतात कारण नकाशा सांगतो सहा तास आणि आरव्हीला लागतात आठ. दुपारी तीन-चारला पोचायचं धरून निघा, दिवसाला ४०० किलोमीटर पुष्कळ झाले.

निघताना गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा, पायरी आत, केबल काढलेली, पाईप काढलेला, वरच्या खिडक्या बंद, कपाटांना खिट्टी. परत करायच्या दिवशी टाक्या रिकाम्या करायला वेगळा तास ठेवा, भरलेल्या परत दिल्या तर त्याचे पैसे लावतात. किलोमीटर, इंधनाचा काटा आणि जनरेटरचे तास, तिन्हीचे फोटो गाडी घेताना एकदा आणि देताना एकदा काढून ठेवा.