शाळेचे ऑनलाइन तारे कसे पारखावेत

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस आले की मुंबईतील पालक आता आधी मोबाइलवर शाळेचे नाव टाकतात आणि नकाशावर त्या नावाखाली दिसणारे तारे पाहतात. साडेचार ताऱ्यांची शाळा यादीत राहते, साडेतीनची गळते, आणि जिला कोणी तारेच दिलेले नाहीत ती यादीत येतच नाही. माझ्या मते, शाळा मुलांना काय देते यापेक्षा शाळेत कोणाची मुले येतात हेच या ताऱ्यांवरून अधिक कळते. त्यामुळे निरनिराळ्या भाषांची आणि परिस्थितीची मुले जिथे एकत्र शिकतात, अशा शाळेविषयी मत बनवण्यापूर्वी थोडी तपासणी करणे आवश्यक आहे.

सुरुवात अभिप्राय लिहिणाऱ्यांपासून करावी. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून चालतात. पण गोवंडीच्या उर्दू शाळेत मुलीला पाठवणारी आई किंवा धारावीतल्या तमिळ शाळेतील मुलाचे वडील शाळेवर समाधानी असले, तरी ते समाधान नकाशावर जाऊन नोंदवतीलच असे नाही. म्हणून अभिप्राय कोणत्या भाषेत आहेत, किती जुने आहेत आणि लिहिणारा पालक आहे, माजी विद्यार्थी आहे की शेजारच्या इमारतीतील रहिवासी, हे पाहावे. शाळेबाहेर गाडी लावायला जागा नाही म्हणून एकच तारा दिलेला मी स्वतः वाचला आहे. अभिप्रायांची संख्याही मोजावी. बारा जणांची सरासरी 4.5 असताना रागावलेल्या तिघांनी एकेक तारा दिला, तर ती एका संध्याकाळीत 3.8 वर येते, आणि त्या संध्याकाळी शाळेत काहीही बदललेले नसते.

दहावीच्या निकालाकडे अधिक बारकाईने पाहावे, कारण शाळेच्या दारावरील फलक आणि संकेतस्थळांवरील क्रमवारी या दोहोंचा आधार बहुधा तोच असतो. शंभर टक्के निकालाचा फलक दिसला, तर त्या तुकडीचा नववीतला पट किती होता आणि त्यांपैकी किती जण शाळेकडून नियमित विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसले, हे कार्यालयात विचारावे. नववीत कच्च्या ठरलेल्या मुलाला 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा सल्ला देण्याची रीत मुंबईच्या पालकांना नवी नाही. समजा, एका शाळेत नववीत 120 मुले होती, दहावीला 96 बसली आणि सगळी उत्तीर्ण झाली. दुसऱ्या शाळेत नववीत 60 होती, सगळी बसली आणि 54 उत्तीर्ण झाली. फलकावर पहिलीचा निकाल 100 टक्के आणि दुसरीचा 90 दिसेल. मात्र नववीच्या पटावरून हिशेब केल्यास पहिलीचा 80 होतो आणि दुसरीचा 90 च राहतो. काही मुले घर बदलल्यामुळे जातात हे खरे. पण एका वर्षात 24 जण का गेले, याचे उत्तर शाळेकडे असले पाहिजे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ग्रेटस्कूल्स हे संकेतस्थळ शाळांना एक ते दहा गुण देते आणि ते गुण घरांच्या जाहिरातींशेजारीही दिसतात. हे गुण पूर्वी मुख्यतः चाचणी परीक्षांवर अवलंबून असल्याने सुखवस्तू वस्त्यांतील शाळा आपोआप वर जात, अशी टीका झाली. पुढे 2017 पासून त्या पद्धतीत बदल होत गेले आणि मुलांनी वर्षभरात किती प्रगती केली यालाही वजन मिळाले. आपल्या नकाशावरील ताऱ्यांमध्ये मात्र प्रगती मोजण्याची कोणतीही सोय नाही.

यानंतर प्रवेश कोणाला मिळतो ते तपासावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या वा पूर्वप्राथमिक प्रवेशात 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवाव्या लागतात. परंतु 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले, आणि मुंबईतील नावाजलेल्या शाळांपैकी अनेक शाळा त्याच वर्गात मोडतात. त्यामुळे या जागा भरणारी शाळा आणि न भरणारी शाळा यांची तुलना एकाच ताऱ्याने करणे न्याय्य नाही. जिथे अशी मुले आहेत तिथे ती सर्व तुकड्यांमध्ये विभागलेली आहेत की एकाच तुकडीत बसवली आहेत, हे अवश्य विचारावे.

आकडे हवे असल्यास यू-डायस प्लस या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर शाळेचा अकरा अंकी क्रमांक टाकून पट, शिक्षकसंख्या, माध्यम आणि सुविधा पाहता येतात. कायद्याचे प्रमाण पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक असे आहे. भागाकार स्वतःच करावा. ही माहिती शाळाच भरत असल्यामुळे प्रत्यक्ष भेट मात्र टाळू नये.

भेटीसाठी सकाळचे अधिवेशन सुटून दुपारचे भरण्याची वेळ उत्तम, कारण तेव्हा दोन्ही अधिवेशनांचे पालक फाटकाशी भेटतात. त्यांना शाळा चांगली आहे का, असे विचारू नये. होय असेच उत्तर मिळते. मुलाला गेल्या जूनमध्ये काय वाचता येत नव्हते आणि आता काय येते, हे विचारावे. ज्यांच्या घरची भाषा शाळेच्या माध्यमाहून वेगळी आहे अशा निदान दोन पालकांशी, आणि शक्य झाल्यास एखाद्या दिव्यांग मुलाच्या पालकांशी बोलावे. मुख्याध्यापकांना शेवटी एकच विचारावे, की मागे पडलेल्या मुलासाठी गेल्या वर्षी शाळेने काय केले. त्यांनी जादा तासांचे वेळापत्रक काढून दाखवले, तर ते बसून वाचावे आणि तो तास कोण घेते, आठवड्यातून किती वेळा घेते, हे तिथेच वहीत टिपून घ्यावे.