पार्टिशन टेबल चुकून पुसले गेल्यास हरवलेली पार्टिशन्स परत कशी मिळवावीत

डिस्कवर चुकून नवे पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या विभागांची (पार्टिशन्सची) यादी, लिहिले गेले की सगळी पार्टिशन्स एका क्षणात दिसेनाशी होतात, परंतु त्यांतील फायली बहुधा जागच्या जागीच असतात. हे टेबल ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारही प्रायमरी (मुख्य) पार्टिशन्सची नोंद डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील (छोट्या तुकड्यातील) अवघ्या ६४ बाइट्समध्ये मावते. कोणते पार्टिशन कोठे सुरू होते आणि किती लांब आहे, एवढीच माहिती गेलेली असते आणि तेवढीच पुन्हा जुळवायची असते.

संगणक अजून चालू असेल तर तो बंद करू नये. लिनक्समध्ये डिस्क वापरात असताना टेबल बदलले गेले, तर पुष्कळदा लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, स्मरणात जुन्याच सीमा राहिलेल्या असतात आणि त्या रीस्टार्ट होताच जातात. 'सिस' फोल्डरातील 'ब्लॉक'मध्ये डिस्कच्या व त्याखाली पार्टिशनच्या नावाने फोल्डर असतो. तेथील 'स्टार्ट' आणि 'साइझ' या फायलींतले आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. हे आकडे ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये मोजलेले असतात. एवढे हाती लागले तर निम्मे काम झालेच.

यानंतर डिस्कची प्रत तयार होईपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहू नये. विंडोज 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारील. उत्तर 'नाही' असेच द्यावे, कारण फॉरमॅट केल्यास फाइल सिस्टिमच्या (कोणती फाइल कोठे आहे त्याच्या) नोंदी जातात आणि एसएसडीवर ट्रिममुळे (रिकामी ठरलेली जागा पुसण्याच्या सोयीमुळे) मूळ मजकूरही जाऊ शकतो. पुरेशी मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क घेऊन डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढावी. मूळ डिस्क आधी आणि इमेज नंतर, हा क्रम एंटर दाबण्यापूर्वी दोनदा वाचावा. बहुतेकदा हा घोटाळा मुळात अशाच एका घाईच्या आज्ञेने झालेला असतो.

डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची असेल तर टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. समजा, पेनड्राइव्हऐवजी मुख्य डिस्कवरच आयएसओ फाइल लिहिली गेली, तर सुरुवातीचा तेवढा भाग कायमचा गेला, पण शेवटची प्रत सहसा शाबूत राहते. जीडिस्क या प्रोग्राममध्ये 'आर' दाबून रिकव्हरी मेनू उघडावा, 'बी'ने राखीव हेडर आणि 'सी'ने राखीव टेबल घ्यावे, 'पी'ने यादी तपासावी आणि ती ओळखीची वाटली तरच 'डब्ल्यू' दाबावे.

एमबीआरला अशी राखीव प्रत नसते. तेथे टेस्टडिस्क हे साधन वापरावे: ॲनालाइज, मग क्विक सर्च, आणि अपुरे वाटल्यास डीपर सर्च. यात पूर्वी कधीतरी काढून टाकलेली पार्टिशन्सही सापडतात आणि त्यांच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या दिसतात, म्हणून प्रत्येकावर 'पी' दाबून आतील फायली पाहाव्यात. सुरुवात २०४८व्या सेक्टरला असणे आजकाल नेहमीचे आहे, तर जुन्या डिस्कवर ती ६३व्या सेक्टरला आढळते.

टेबल लिहिल्यावर लगेच फाइल सिस्टिमच्या दुरुस्तीची आज्ञा देऊ नये. सीमा चुकल्या असतील तर ती दुरुस्तीच नासाडी करते. आधी पार्टिशन केवळ वाचण्यासाठी माउंट करावे (जोडावे); लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम असेल तर 'नोलोड' हा पर्यायही द्यावा, अन्यथा जर्नल (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंद) चालवताना डिस्कवर लिहिले जाऊ शकते. एखादी मोठी फाइल उघडून शेवटपर्यंत पाहावी.

पार्टिशनचा आरंभच पुसला गेला असेल तरी विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमच्या बूट सेक्टरची (पहिल्या सेक्टरची) प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते, आणि ४ केबी ब्लॉक असलेल्या एक्स्ट४मध्ये सुपरब्लॉकची (फाइल सिस्टिमच्या मुख्य नोंदीची) पहिली प्रत ३२७६८व्या ब्लॉकवर असते. त्याही गेल्या असतील तर फोटोरेक हा प्रोग्राम उरतो. तो फायली काढून देतो, मात्र त्यांची नावे आणि फोल्डर परत मिळत नाहीत.