कर्नल लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतोय? या चुका टाळा

कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सगळा कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि शेवटच्या पायरीला लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइल्स एकत्र जोडणारं साधन, अडून बसतो: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेमसेट’. कोड चाळून पाहावा, तर मेमसेट (मेमरीचा तुकडा एकाच मूल्याने भरणारं फंक्शन) कुठेच बोलावलेलं नसतं. मग घाईघाईत त्या नावाचं रिकामं फंक्शन लिहून लोक मोकळे होतात. हे अजिबात करू नका. लिंकर गप्प बसतो, पण शून्य व्हायला हवी होती ती मेमरी तशीच राहते आणि कर्नल भलत्याच ठिकाणी कोसळतो. न सापडलेल्या नावांकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय लिंकरला देणं त्याहून वाईट, कारण असे कॉल सहसा शून्य पत्त्यावर जाऊन आदळतात.

आधी हे नाव मागितलं कोणी, ते शोधा. ऑब्जेक्ट फाइलवर, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलवर, ‘एनएम’ हे तिच्यातल्या नावांची यादी देणारं साधन चालवा. ‘यू’पुढची नावं बाहेरून हवी आहेत. मोठा ‘टी’ म्हणजे फंक्शन इथेच आहे आणि बाहेरही दिसतं. छोटा ‘टी’ म्हणजे आहे, पण त्या फाइलपुरतंच.

मेमसेटची मागणी बहुतेक वेळा खुद्द कंपाइलरची असते. फ्रीस्टँडिंग मोडमध्येही, म्हणजे नेहमीची सी लायब्ररी नसतानाही, जीसीसी हा कंपाइलर चार फंक्शन्स गृहीत धरतो: मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्प. एखादं मोठं स्ट्रक्चर दुसऱ्यात उतरवलं किंवा ॲरे शून्य केला, की कॉल तयार. ही चारही नीट लिहा. लिहितानाही एक सापळा आहे. तुमच्या मेमसेटमधला साधा लूप ऑप्टिमायझर ओळखतो आणि त्याच्या जागी मेमसेटचाच कॉल घालतो. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं आणि स्टॅक संपतो. त्या फाइलपुरता ‘नो ट्री लूप डिस्ट्रिब्यूट पॅटर्न्स’ हा पर्याय लावा.

३२ बिटच्या कर्नलमध्ये ६४ बिटचा भागाकार केला की ‘यूडिव्हडीआय३’ हरवल्याची तक्रार येते. हे फंक्शन जीसीसीच्या स्वतःच्या मदतनीस लायब्ररीत, लिबजीसीसीत, असतं. क्रॉस कंपाइलरसोबतची (दुसऱ्या सिस्टिमसाठी कोड बनवणाऱ्या कंपाइलरसोबतची) लिबजीसीसी जोडा, आणि ती ऑब्जेक्ट फाइल्सच्या नंतर लिहा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. लायब्ररी आधी आली तर तोपर्यंत कोणी काही मागितलेलं नसतं, म्हणून तो त्यातलं काहीच उचलत नाही. लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये मात्र लिबजीसीसी ओढून आणू नका. तिथे ‘डू_डिव्ह’ किंवा ‘डिव्ह६४_यू६४’ वापरायचं.

‘स्टॅक_चेक_फेल’ दिसलं तर स्टॅक प्रोटेक्टर, म्हणजे स्टॅक बिघडल्याचं ओळखणारी कंपाइलरची सोय, चालू आहे. अनेक डिस्ट्रिब्यूशन्सच्या जीसीसीत तो आपोआप असतो. सुरुवातीला तो बंद ठेवणंच शहाणपणाचं. नुसतं फंक्शन पुरवून भागत नाही, कारण एक्स८६-६४ प्रोसेसरवर कॅनरी (तपासणीसाठी स्टॅकवर ठेवलेलं खुणेचं मूल्य) सेगमेंट रजिस्टरमार्फत वाचला जातो आणि ते रजिस्टर तुम्ही अजून बसवलेलं नसतं.

सी++ वापरत असाल तर हा प्रकार हमखास भेटतो: असेम्ब्लीतली बूट फाइल ‘कर्नल_मेन’ मागते, आणि एनएममध्ये दिसतं ‘_झेड११कर्नल_मेनव्ही’. फंक्शन तिथेच आहे, सी++ कंपाइलरने नाव बदललंय. त्यावर ‘एक्स्टर्न सी’ लावा. उलट दिशेने, नॅझम या असेम्ब्लरमधलं लेबल ‘ग्लोबल’ जाहीर करायला विसरू नका.

ऑप्टिमायझेशन बंद केल्यावरच एखादं फंक्शन गायब होत असेल, तर हेडरमध्ये नुसतं ‘इनलाइन’ लिहिलंय का ते बघा. सी९९ च्या नियमाने त्यातून बाहेरची व्याख्या तयार होत नाही. ‘स्टॅटिक इनलाइन’ लिहा.

लिनक्स मॉड्यूलचं, म्हणजे चालू कर्नलमध्ये जोडता येणाऱ्या तुकड्याचं, गणित वेगळं आहे. हेडरमध्ये नाव आहे आणि कंपाइलही झालं, म्हणजे फंक्शन मिळेलच असं नाही. कर्नलने ते ‘एक्स्पोर्ट_सिम्बॉल’ने खुलं केलेलं असावं लागतं. ‘जीपीएल’वालं एक्स्पोर्ट असेल तर मॉड्यूलचा परवानाही सुसंगत हवा. जुने धडे वाचून ‘कॉलसिम्स_लुकअप_नेम’ने (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या कर्नल फंक्शनने) पळवाट काढायला जाऊ नका: ५.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, तेही मॉड्यूल्सना खुलं नाही.